मातीच्या रंगाची पावडर

महानंदा अक्का चिडलेली नाही असा दिवस विरळाच. सकाळी शटर वर करताना ती नळाला शिव्या देत असे, कारण पाणी आठ-दहा दिवसांनी यायचं आणि तेही तासभर. दुपारी रिक्षावाल्यांची पाळी, कारण ते तिच्या दारातच रिक्षा आडव्या लावायचे. संध्याकाळी क्लास सुटला की रस्ता पोरापोरींनी भरून जायचा. त्यांच्या सुकलेल्या तोंडांकडे बघून ती त्यांच्या आईबापांना बोल लावायची. हे सगळं चालू असताना तिचा हात खुर्चीतल्या पोरीच्या गालावर असा फिरत असायचा की त्या पोरीला डुलकी लागावी. ते तोंड आणि तो हात एकाच बाईचा आहे हे नव्या गिऱ्हाइकाला पटायला वेळ लागे.

लातुरात क्लासेसच्या गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान. नोट्स, फॉर्म, हॉलतिकिटं, सगळं माझ्या मशीनमधून जायचं. भिंतीला भिंत लागून अक्काचं पार्लर. अकरा वर्षं आम्ही शेजारी होतो. ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची म्हणून मीही म्हणायचे. मी तिची वैनी.

अंगानं काटक, रंगानं चांगली सावळी. उजव्या भुवईपासून गालाच्या हाडापर्यंत एक जुना, ओढल्यासारखा व्रण. पार्लरवाली बाई आणि स्वतःच्याच तोंडावरचा व्रण झाकत नाही, हे बायकांना खटकायचं. एकीनं विचारलंच. अक्का म्हणाली, "झाकायचं माझं मी ठरवीन. तू मान सरळ ठेव."

तिच्याकडे सुटी मिनरल पावडर होती. तेव्हा लातुरात हे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. इतर पार्लरमध्ये ट्यूबमधला पांढुरका लेप बोटानं थापायचे. अक्का हैदराबादहून पुड्या मागवायची आणि स्टीलच्या वाट्यांमध्ये स्वतः मिसळायची. ती त्याला मातीच म्हणायची. "अभ्रक, जस्त आन् लोखंडाचा गंज. तुझ्या-माझ्या रानात हाय तेच," असं गिऱ्हाइकाला सांगायची. दुकानातल्या तयार डब्या बघून तिचा पारा चढायचा. सगळ्या डब्या गोऱ्या बायकांच्या. आपल्याकडच्या बायकांचं तोंड ह्यांनी कधी बघितलंच नाही का, असं ती त्या डब्यांनाच विचारायची. मग पिवळी पूड, तांबडी पूड, काळ्याची चिमूट, असं करत करत समोरच्या पोरीचा रंग वाटीत उतरेपर्यंत सोडायची नाही. जुळला की नाही ते गालावर नाही, जबड्याच्या कडेला लावून बघायची, कारण तिथं तोंड आणि मान दोन्ही भेटतात. बघायचं तेही ट्यूबलाइटखाली नाही. पोरीला हाताला धरून रस्त्यावर आणायची आणि भर उन्हात बघायची. पोरी लाजून मरायच्या.

मी कितीदा तरी दारात उभी राहून तिचं काम बघितलं आहे. आधी तोंडाला थोडं क्रीम, आणि ते मुरेपर्यंत थांबायचं. घाई करणारीला ती सरळ सांगायची की ओल्या तोंडावर पूड टाकली तर भिंतीच्या ओलीसारखे डाग पडतील. मग डबीच्या झाकणात चिमूटभर पूड, त्यात गोल दाट ब्रश घोळवायचा, झाकणाच्या कडेला आपटून वरची झटकायची. उरली न उरली एवढी पूड घेऊन गालापासून सुरुवात, बाहेरच्या अंगाला, गोल गोल. दिसायचं काहीच नाही. पोरी म्हणायच्या, अक्का, काही लागतच नाही की. ती म्हणायची, लागू नयेच. दुसरा हात, गरज वाटली तर तिसरा. वांगाच्या डागावर, मुरमाच्या खुणेवर बारीक ब्रशानं तीच पूड टेकवायची. शेवटी पाण्याचा बारीक फवारा, की कोरडेपणा जाऊन पूड कातडीत बसते. पोरगी आरशात बघायची तेव्हा तिला आधी कळायचंच नाही की काय झालं. रात्री नीट झोप झालेली, घरात कुणी रागावलेलं नाही, अशी ती दिसायची.

पण हा हात पुष्कळदा तिच्या तोंडानं वाया घालवला. एकदा खेड्यातली एक आई लेकीला घेऊन आली. दुसऱ्या दिवशी पाहुणे बघायला येणार होते. पोरगी शांत, सावळी, डोळे मोठे. अक्कानं पाऊण तास घालवला. खरंच सांगते, पोरगी अशी दिसत होती की मी मशीन बंद करून बघायला आले. आई म्हणाली, सगळं ठीक, पण अजून गोरी करा, पाहुणे लातूरचे आहेत. अक्कानं नाही म्हटलं. आईनं पुन्हा सांगितलं. अक्का म्हणाली, "गोरीच पाहिजे तर दुसरी पोरगी आणा. ही अशीच हाय."

आई उठली. पोरीला ओढत समोरच्या पार्लरमध्ये घेऊन गेली. अर्ध्या तासानं ती पोरगी बाहेर आली तेव्हा तोंड चुन्यासारखं आणि मान आपल्या रंगाची. जाताना तिनं आमच्याकडे बघितलं नाही. अक्का दिवसभर धुमसत राहिली. मला वाटलं, त्या आईवर. संध्याकाळी म्हणाली की मी गप्प बसले असते, हो-हो म्हणून तसंच पाठवलं असतं, तर त्या पोरीला उद्या स्वतःच्या तोंडानं बसता आलं असतं. माझ्या जिभेनं घालवलं.

एवढा राग कुठून येतो हे मी तिला कधी विचारलं नाही. तिनंच एकदा सांगितलं. भूकंपाला बरीच वर्षं झाली होती, आणि त्याच्या स्मृतिदिनाचा तो आठवडा होता. माझ्या दुकानात कुणीतरी एका संस्थेची जुनी पुस्तिका झेरॉक्सला दिली होती. मी कागद काढत होते. अक्का सुटे पैसे मागायला आली आणि काचेवरच्या पानाकडे बघत उभी राहिली. पानावर मातीनं माखलेल्या एका मुलीचा फोटो होता. डोळे तेवढे ओले. खाली लिहिलेलं, भूकंपग्रस्त मुलगी.

"ही मी हाय," ती म्हणाली.

निलंग्याच्या पलीकडं तिचं गाव. भूकंप झाला तेव्हा ती अठरा वर्षांची होती. दगडामातीचं घर, छताला मातीचं धाबं. पहाटे सगळं बसलं. आई आणि धाकटी बहीण आतच राहिल्या. तिला उजाडल्यावर शेजाऱ्यांनी ओढून काढलं, दगडानं भुवई उघडी पडली होती. दुपारी टँकर आला. तिला तांब्याभर पाणी मिळालं. ते घेऊन ती रस्त्याच्या कडेला तोंड धुवायला बसली, कारण नाकातोंडात माती गेली होती आणि ती माती कशाची होती हे तिला ठाऊक होतं. तेवढ्यात कॅमेरावाला एक माणूस आला आणि तिचं मनगट धरलं. ओरडला नाही. फार गोड बोलला. एक मिनिट थांब म्हणाला, माती राहू दे.

"मी थांबले, वैनी," अक्का म्हणाली. "त्याचा राग हायच. पण मी थांबले, ह्याचा जास्त हाय."

तो फोटो पुढं कॅलेंडरवर आला, पुस्तिकेत आला, कुठल्या कुठल्या कार्यक्रमात भिंतीवर लागला. नाव कधीच आलं नाही. पत्र्याच्या शेडमध्ये राहत असताना बायकांना काम शिकवायला लोक आले. शिवण किंवा पार्लर. शिवणाला खाली मान घालून बसावं लागतं म्हणून तिनं पार्लर घेतलं. हे सांगून ती सुटे पैसे न घेताच गेली. मी त्या पुस्तिकेच्या वीस प्रती काढून दिल्या. गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणणार, असं तेव्हा स्वतःला सांगितलं.

मग शीतल आली. मुखेड तालुक्यातल्या एका खेड्यातली, होस्टेलवर राहून डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लास करणारी. माझ्याकडे नोट्सच्या झेरॉक्सला यायची तेव्हा ओढणी नाकापर्यंत. एकदा ओढणी सरली आणि मी दचकले. गाल लालभडक, सोललेले, वर बारीक पुळ्या. होस्टेलमधल्या पोरींच्या सांगण्यावरून मेडिकलमधून गोरं करणारी ट्यूब आणून वर्षभर चोळली होती. आता लावली नाही की आग व्हायची, लावली की कातडी पातळ व्हायची. मी तिला भिंतीपलीकडे नेलं.

अक्का तिच्यावर इतकी ओरडली की समोरचा चहावाला बघायला आला. आणि ओरडता ओरडता थंड पाण्याची पट्टी तिच्या गालावर धरून होती. तिनं तिला कातडीच्या डॉक्टरकडे स्वतः नेलं. चार महिने कसलीही पूड लावू दिली नाही. दर रविवारी शीतल यायची, अक्का तिचं तोंड उजेडात फिरवून बघायची आणि म्हणायची, अजून न्हाई. तोंड बरं झालं तेव्हा रंग पुन्हा जसा होता तसा आला, गडद, तुकतुकीत. त्या दिवशी अक्कानं तिच्यासाठी वाटीत पूड मिसळली, ब्रश तिच्याच हातात दिला आणि आपटायचं, झटकायचं, गोल फिरवायचं शिकवलं. शीतलनं ओढणी खांद्यावर टाकली आणि तशीच रस्त्यावरून चालत गेली. अक्का दारात उभी राहून बघत होती. तेव्हाही ती कुणावर तरी चिडलेली होती, बहुतेक ट्यूब विकणाऱ्यावर.

शीतलचा नंबर आला. क्लासमधून मुलींत पहिली. क्लासच्या मालकांना सगळे डायरेक्टर सर म्हणायचे. आमच्या दोन्ही दुकानांची जागा त्यांच्या मेहुण्याची. गुणवंतांचे मोठे फ्लेक्स चौकात लागायचे होते, म्हणून त्यांनी सहा मुलींना फोटोआधी अक्काकडे पाठवलं. त्या दिवशी अक्का फार जपून काम करत होती. फ्लॅशखाली जस्ताची पूड पांढरी मारते आणि अभ्रक चमकतं, म्हणून तिनं दोन्ही कमी केलं, एकेक तोंड दारात आणून तपासलं. शीतलच्या तोंडावर तर तिनं जवळजवळ काही लावलंच नाही. फोटो निघाले. शीतलच्या फोटोची एक प्रत फोटोवाल्यानं अक्काला दिली. शीतल त्यात सरळ बघत होती.

आठ दिवसांनी फ्लेक्स लागला. दुपारी पांढरी टोपी घातलेला, खांद्याला पिशवी अडकवलेला एक माणूस बराच वेळ त्याच्याखाली उभा होता. इकडून बघायचा, तिकडून बघायचा. शेवटी माझ्या दुकानात आला.

"ताई, माझ्या लेकीचा फोटू हितं लावलाय म्हणले. मला तर दिसंना गेलाय."

मी त्याला घेऊन बाहेर आले. वर मुलींमध्ये पहिली जागा शीतलची. नाव बरोबर होतं, मार्क बरोबर होते. तोंड कॉम्प्युटरवर धुऊन काढलेलं, दुधासारखं, नाकसुद्धा निमुळतं केलेलं. मी बोटानं दाखवलं. तो माणूस बघत राहिला. म्हणाला, नाव तिचंच हाय. मग पिशवीतून आणलेला पेढ्यांचा पुडा हातात धरून उभा राहिला. मागं अक्का येऊन थांबली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

ती तशीच क्लासच्या ऑफिसात गेली, हातात खरा फोटो घेऊन. तिथला कारकून माझ्याकडे झेरॉक्सला यायचा, त्यानं नंतर सांगितलं. डायरेक्टर सरांनी तिला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. समजावलं की ही जाहिरात आहे, चेहरा उजळ दिसला की पालकांना बरं वाटतं, यात मुलीचं काही वाईट नाही. अक्कानं विचारलं, मार्क तिचेच घेतले ना, मग तोंड का बदललं. ते हसले. म्हणाले, ताई, पार्लरवाल्या तुम्ही, तुम्हीही तेच करता ना.

चहा न पिता ती परत आली. 

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास, एक बॅच सुटून दुसरी भरायच्या वेळी, तिनं शेजारच्या बोर्ड रंगवणाऱ्याची शिडी आणली, फ्लेक्सला लावली आणि पार्लरची कात्री घेऊन वर चढली. शेकडो पोरं खाली उभी. कुणी मोबाइल वर धरलेले. तिनं शीतलचं तेवढं तोंड मानेपासून कापून काढलं, घडी केली, खाली उतरली आणि ऑफिसात जाऊन टेबलावर ठेवलं. "ही तुमची पोरगी," ती म्हणाली. "आमची हाय तशीच राहू द्या."

मी काउंटरच्या आत होते. शिडी धरायलासुद्धा कुणी नव्हतं आणि मी बाहेर आले नाही.

संध्याकाळी शीतल आली. भिंत पातळ, मला सगळं ऐकू आलं. ती रडत होती, पण शब्द स्पष्ट होते.

"सगळ्यांचे फोटो आहेत, माझ्याच जागी भोक आहे. तुम्हाला कुणी सांगितलं होतं, अक्का? मला आवडला होता तो फोटो. गावात सगळे देखणी म्हणाले मला, पहिल्यांदा."

 शीतल गेल्यावर अक्का माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसली. हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडेच बघत होती. म्हणाली, "तिला मी इचारलंच न्हाई, वैनी."

पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं. मेहुण्यानं जागा सोडायला सांगितली. कागद केला, त्यात ही बाई गल्लीत भांडणं करते, गिऱ्हाइकांना शिवीगाळ करते, शेजाऱ्यांना त्रास आहे असं लिहिलं. शेजारी म्हणून माझी सही हवी होती. मेहुणा स्वतः कागद घेऊन आला, माझंच पेन पुढं केलं आणि बोट ठेवून जागा दाखवली. माझ्या दोन पोरांच्या फिया त्या दुकानावर चालत होत्या. मी सही केली. आज हे लिहितानाही माझा मलाच संताप येतो. त्या मेहुण्याचा येतो, त्या गोड बोलणाऱ्या सरांचा येतो, पण त्यांनी कुणाचा विश्वास तोडला नव्हता. मी तोडला.

सामान टेम्पोत भरायच्या दिवशी मी तिच्यासमोर जायचं टाळत होते. तीच आली. म्हणाली, "सही केलीस ते बरं केलंस. तुझं दुकान राहिलं." आवाजात टोमणा नव्हता, राग नव्हता. तिनं मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी आयुष्यभर त्यांच्या आधारानं राहिले असते. तेवढंही तिनं दिलं नाही. मग टेम्पोवाल्याकडे वळून, दोर ढिला का बांधला म्हणून त्याच्यावर ओरडायला लागली.

ती नांदेडला गेली असं कळलं, एका नात्यातल्या बाईकडे. शीतल डॉक्टरकीला गेली. फ्लेक्स पुढच्या निकालापर्यंत तसाच होता, भोकासकट. मग नवा लागला. त्यातल्या मुलीही सगळ्या एकसारख्या गोऱ्या.

चारेक वर्षांनी मी निलंग्याच्या स्टँडवर माझ्या गाडीची वाट बघत होते. समोर एक एस.टी. भरून उभी होती आणि तिच्या खिडकीत अक्का. केस पांढरे झालेले, व्रण तसाच. हाक मारावी म्हणून मी खिडकीखाली गेले आणि तशीच उभी राहिले. तिच्या शेजारच्या बाकावर एक बाई मांडीवरच्या पाच-सहा वर्षांच्या काळ्यासावळ्या पोरीला टाल्कम पावडर थापत होती. पोरीच्या भुवयासुद्धा पांढऱ्या. अक्काचं लक्ष गेलं. मला वाटलं, आता स्टँड दणाणणार.

ती वाकली आणि पोरीला विचारलं, "तुला पाहिजे का ग ही पावडर?"

पोरीनं आईकडे बघितलं. मग अक्काकडे बघून जोरात मान हलवली. हो.

अक्काच्या कपाळाची शीर तट्ट उभी राहिली, ती मला खालून दिसली.  मग तिनं पिशवीतून रुमाल काढला, पोरीची हनुवटी बोटांवर उचलून धरली आणि रुमालानं पावडर हलकेच टिपायला लागली. कपाळ, नाक, गाल, मग मानेवर थोडी ओढली. पांढरेपणा विरत गेला, पोरीचा रंग वर आला. तरी पावडर होतीच. पोरीनं स्वतःचा गाल चाचपला, बोट नाकाशी नेऊन वास घेतला आणि खूश झाली.

गाडी सुरू झाली. इंजिनच्या आवाजात मला शब्द ऐकू येत नव्हते. अक्काचं तोंड त्या आईवर चाललेलं होतं, भुवया चढलेल्या, मान झटकत, आणि हात त्या पोरीच्या कानामागची पावडर पुसत होता, इतका सावकाश की पोरीचे डोळे मिटायला लागले होते.